१ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर डेबियन

डेबियन ही लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ती बसवण्याआधी प्रोसेसर तपासा. तो ३२-बिट असेल तर डेबियन १२ घ्या. १३ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलरच नाही. आयएसओ फाइल (डेबियनच्या इन्स्टॉलरची फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही, ती इमेज म्हणूनच, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत म्हणून, लिहावी लागते. तरीही पेनड्राइव्ह दिसला नाही, तर बायोसमधली (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधली) हार्ड डिस्कची यादी उघडा. जुन्या मशीनमध्ये तो बऱ्याचदा तिथेच दडलेला असतो. त्याला वर सरकवा.

डिस्कवर २ जीबी स्वॅप, म्हणजे रॅम भरली की वापरली जाणारी जागा, ठेवा. डेस्कटॉप निवडताना ग्नोम या जड डेस्कटॉपवरची खूण आवर्जून काढा आणि हलका एलएक्सडीई घ्या, सगळा फरक इथेच पडतो. नंतर झेडरॅम-टूल्स बसवा: रॅममधला मजकूर दाबून साठवला जातो, हळू डिस्कवर कमी जावं लागतं. ब्राउझर मात्र जडच राहणार. दोन-तीनच टॅब उघडा.