पन्नाशीनंतर वेळेसाठी धावताना या चुका टाळा

हा लेख पन्नाशी ओलांडूनही घड्याळ लावून शर्यत धावणाऱ्यांसाठी आहे. कुणाला वयोगटात पहिल्या तिघांत यायचं असतं, कुणाला जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये गेल्या वर्षीपेक्षा पाच मिनिटं कमी करायची असतात. या वयातही शरीर मेहनतीला दाद देतं, पण ती मेहनत पचवायला त्याला जास्त दिवस लागतात. खालच्या बहुतेक चुका हे हिशेबात न धरल्यामुळे होतात.

रोज एकाच मधल्या वेगाने धावणं

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. ग्रुपबरोबर रोज आठ-दहा किलोमीटर, वेग असा की बोलताना थोडी धाप लागते पण थांबावंसं वाटत नाही. हा वेग थकवा साठवण्याइतका जास्त असतो आणि शर्यतीचा वेग वाढवण्यासाठी अपुरा. वर्षभर मेहनत करूनही वेळ तिथेच अडकली असेल तर आधी इथे बघा.

सावकाश धावण्याच्या दिवशी एखादा अख्खा अभंग न धापता म्हणता आला पाहिजे. घड्याळावरच्या हृदयगतीच्या पट्ट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अनेक घड्याळं २२० उणे वय हे सूत्र वापरतात. साठीच्या माणसाला ते मिनिटाला १६० ठोके ही कमाल हृदयगती देतं, तर २०८ उणे (०.७ गुणिले वय) हे दुसरं सूत्र १६६ देतं. प्रत्यक्षातली कमाल गती याच्याही दहा ठोके वर किंवा खाली असू शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात, तेव्हा त्या पट्ट्या निरुपयोगी ठरतात आणि श्वासावरूनच वेग ठरवावा लागतो.

वय वाढतं तसे स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी कमी होतात. म्हणून वेगाचं काम पूर्ण सोडणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक. आठवड्यातून दोनदा सावकाश धावून झाल्यावर २० सेकंदांच्या सहा मोकळ्या धावा घ्या. प्रत्येकीनंतर दीड मिनिट चाला. जीव तोडून धावायचं नाही, पाऊल हलकं आणि झपझप पडलं पाहिजे.

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, टोरोंटोत २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन धावली. ते स्मशानभूमीतल्या रस्त्यांवर तासन् तास सावकाश धावायचे, एवढंच ऐकून अनेक जण वेगाच्या सरावाला रजा देतात. पण व्हिटलॉक छोट्या अंतराच्या शर्यतीही वरचेवर धावत, आणि त्यांचा वेगाचा सराव तिथे होत असे.

सात दिवसांत सगळं कोंबणं

मंगळवारी इंटरव्हल (जोरात छोट्या धावा, मध्ये विश्रांती), गुरुवारी टेम्पो (दमवणारा पण टिकवता येणारा सलग वेग), रविवारी लांब धाव. हा आठवडा तरुणांचा आहे. पंचावन्न-साठच्या धावपटूला एका कठीण सरावातून सावरायला बहुधा दोन ते तीन दिवस लागतात, त्यामुळे गुरुवारची धाव मंगळवारच्या थकव्यावर चढते आणि रविवारी पाय शिशाचे होतात. त्यापेक्षा चौदा दिवसांचं चक्र धरा. आठवड्याला ५० किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्यासाठी ते असं बसवता येतं:

पहिला रविवार: २४ ते २८ किलोमीटर, सावकाश.
पहिला गुरुवार: प्रत्येकी ४५ सेकंदांचे आठ चढ, उतरताना चालत.
दुसरा रविवार: १६ किलोमीटर, त्यातले मधले ८ मॅरेथॉनच्या वेगाने.
दुसरा गुरुवार: १२ मिनिटांचे दोन टेम्पो, मध्ये ३ मिनिटं जॉगिंग.

उरलेल्या दिवसांत सावकाश धावणं, आणि आठवड्याला दोन दिवस धावणं पूर्ण बंद. सकाळी उठल्यावरचे ठोके नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असतील आणि झोपही तुटक झाली असेल, तर त्या दिवसाचा कठीण सराव पुढे ढकला. तो भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

पोटरीकडे दुर्लक्ष

तरुण धावपटूंची तक्रार गुडघ्याची जास्त असते. वय वाढतं तशी दुखणी पोटरीकडे आणि टाचेमागच्या अकिलीस कंडरेकडे सरकतात. घोट्याची ढकलण्याची ताकद कमी होते, पाऊल आखूड पडतं, आणि वेग कायम ठेवायला गेलं की ताण तिथेच येतो. भिंतीला हात लावून पोटरी ताणण्याने ही ताकद येत नाही. ती वजन घेऊन कमवावी लागते.

आधी तपासून बघा. एका पायावर उभे राहा, तोल सांभाळण्यापुरतं भिंतीला बोट लावा आणि गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचला. प्रत्येक पायावर वीस-पंचवीस वेळा जमलं पाहिजे. बारा-तेराला थांबत असाल, किंवा दोन पायांत पाच-सहाचा फरक असेल, तर नवे शूज घेण्याआधी हे सुधारा. आठवड्यातून दोनदा, गुडघा सरळ ठेवून १२चे तीन सेट आणि गुडघा किंचित वाकवून १२चे तीन सेट. वाकलेल्या गुडघ्याने पोटरीतला खोलवरचा सोलिअस स्नायू काम करतो, आणि लांब अंतरात मोठा भार तोच वाहतो. सहज जमू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये ५ किलो, मग १० किलो घाला. हे व्यायाम कठीण सरावाच्याच दिवशी संध्याकाळी करा. सावकाश दिवशी केले तर तो दिवस सावकाश राहत नाही.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाचेमागे दुखत असतील तर कंडरेची तक्रार सुरू झाली आहे. चढ आणि वेग थांबवा, सपाटीवर सावकाश धावा. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल तर चालू ठेवता येतं. दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडू नका, त्याने कंडरा हाडावर दाबली जाते. व्यायाम सपाट जमिनीवर करा.

धावताना पोटरीत कुणीतरी मागून दगड मारल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबा आणि चालत किंवा रिक्षाने घरी या. ही दुखापत परत परत होते, कारण चालताना दुखायचं थांबलं की लोक लगेच धावतात. अर्धा तास झपाझप चालणं आणि एका पायावर वीस वेळा टाच उचलणं, दोन्ही बिनदुखत जमल्यावरच एक मिनिट धाव, एक मिनिट चाल असं सुरू करा. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली तर तो स्नायू नसून रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हाफच्या वेळेवरून फुलचा स्वप्नाळू हिशेब

समजा हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) १ तास ५५ मिनिटांत होते. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज देणारं नेहमीचं सूत्र तुम्हाला फुल मॅरेथॉनसाठी (४२.२ किलोमीटर) जवळपास बरोबर ४ तास देतं, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. पण आठवड्याचं अंतर ५० किलोमीटरच असेल आणि मुंबईची दमट हवा असेल, तर हाफच्या वेळेला २.२ने गुणा. उत्तर येतं ४ तास १३ मिनिटं, किलोमीटरला ६ मिनिटं. पहिले पाच किलोमीटर ६:१०ने, मग ६:००. पहाटेच्या अंधारात, थोड्याशा गारव्यात ५:४०चा वेग फुकट मिळाल्यासारखा वाटतो. त्याची वसुली पेडर रोडच्या चढावर होते, आणि तो चढ परतीच्या वाटेवर, पाय संपत आलेले असताना येत आला आहे. मार्ग अधूनमधून बदलतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा बघाच. चढावर किलोमीटरला २० ते ३० सेकंद सोडून द्या, पाऊल आखूड करा, श्वास तोच ठेवा.

डिसेंबरमध्ये पुणे किंवा वसई-विरारला पूर्ण ताकदीने फुल धावून जानेवारीत मुंबईत विक्रमाची अपेक्षा ठेवू नका. डिसेंबरमध्ये हवी तर एक हाफ धावा.

साताऱ्याच्या हिल हाफमध्ये फसवतो तो यवतेश्वरचा उतार. सगळे चढाचा सराव करतात, उतरताना मात्र मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत राहतात आणि फाटल्यासारखे दुखतात. शर्यतीच्या सहा आठवडे आधीपासून दर आठवड्याला उतारावर धावा: सुरुवातीला एकेक मिनिट पाचदा, वाढवत सलग १५ मिनिटांपर्यंत. शेवटचा असा सराव शर्यतीआधी दहा ते चौदा दिवस.

पाणी आणि गोळ्या

वयानुसार तहान उशिरा लागते, म्हणून कमी पिण्याची भीती खरी आहे. पण चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असलेल्यांत जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोकाही तितकाच खरा आहे, आणि त्यात जीव जाऊ शकतो. स्वतःचं माप काढा: तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. कमी झालेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. शर्यतीत त्या मापाच्या वर पिऊ नका. धावल्यानंतर वजन वाढलेलं दिसलं तर प्रमाण चुकलंय.

शर्यतीच्या सकाळी ‘खबरदारी म्हणून’ आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी दुखणं थांबवणारी गोळी घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर घाव घालतात. त्यात रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका कितीतरी वाढतो. रक्तदाबाची गोळी मनाने बंदही करू नका, शर्यतीच्या सकाळच्या डोसबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी तर विचारायलाच हवं, आणि खिशात ग्लुकोज ठेवायला हवं.

‘गॅस झाला असेल’

मध्यमवयीन धावपटूंच्या अचानक मृत्यूमागे बहुतेकदा हृदयाच्या धमन्यांचा आजार असतो. धावताना छातीवर दाब, जबडा किंवा खांद्यात दुखणं, चक्कर, किंवा नेहमीचा सावकाश वेग कारण नसताना दोन आठवड्यांत जड वाटू लागणं, यातलं काहीही दिसलं तर धावणं बंद आणि तपासणी आधी. मागच्या वर्षीची टीएमटी (ट्रेडमिलवरची हृदयतपासणी) चांगली आली होती, हे आजच्या लक्षणांना उत्तर नाही.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

नाश्त्याला फक्त पोहे आणि चहा घेतला तर स्नायू सावरायला प्रथिनं कुठून येणार? ६० किलो वजनाला दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम, तीन-चार वेळांत वाटून. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर साधारण १८. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

कार्बन प्लेटचे (तळात कडक कार्बनची पट्टी असलेले) शूज शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी ५ किलोमीटर, मग टेम्पो, मग एक लांब धाव.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायाखालचा रस्ता धूसर दिसतो आणि पहाटेच्या अंधारात खड्डा चुकतो. धावायला फक्त लांबचा नंबर असलेला चष्मा करून घ्या.

वयोगट कोणत्या तारखेच्या वयावर ठरतो आणि बक्षीस गन टाइमवर (शर्यत सुटल्यापासूनची वेळ) आहे की चिप टाइमवर (तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ), हे नियमपत्रिकेत वाचा. गन टाइम असेल तर मागच्या रांगेत उभं राहून घालवलेली तीन मिनिटं परत मिळत नाहीत.

अंतिम रेषा ओलांडल्यावर जागच्या जागी उभे राहू नका. पायांत साठलेलं रक्त वर चढत नाही, रक्तदाब एकदम पडतो आणि माणूस कोसळतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांत हे जास्त होतं. दहा मिनिटं चालत राहा. तरीही डोळ्यांपुढे अंधारी आली तर आडवे व्हा, पाय उंचावर ठेवा आणि स्वयंसेवकाला हाक मारा.