हाताच्या कटरने हव्या त्या मापाचे गॅस्केट कसे कापावे

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील एखाद्या जुन्या सोसायटीत जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाच्या फ्लँजमधून, म्हणजे पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीमधून, पाणी झिरपू लागले, की बहुतेक वेळा दोष पंपाचा नसून दोन फ्लँजांमधल्या गॅस्केटचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मऊ पट्टीचा असतो. वागळे इस्टेटच्या किंवा रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये फिटर मंडळी याला सरळ ‘पॅकिंग’ म्हणतात. तयार गॅस्केट ठरावीक मापांतच मिळते आणि जुन्या पंपाचे माप त्यात बसेलच असे नाही. अशा वेळी शीटचा तुकडा आणून ते स्वतः कापणे हा चांगला मार्ग आहे. हातोड्याने फ्लँजच्या कडेवर ठोकून शीटवर छाप पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण मी ती कोणालाही सुचवणार नाही. त्यात फ्लँजची कड दबते, बिडाच्या फ्लँजचा टवका उडू शकतो आणि अॅल्युमिनियमची कड तर लगेच खराब होते. ज्या पृष्ठभागाने पाणी अडवायचे तोच आपण बिघडवतो.

यासाठी लागणारे हत्यार म्हणजे गोल कापणारा गॅस्केट कटर. त्याची रचना शाळेतल्या कंपासासारखी असते: मध्ये टोकदार पिन, तिच्यातून जाणारा खुणांचा आडवा दांडा आणि दांड्यावर सरकवून स्क्रूने घट्ट करता येणारे पाते. बोल्टच्या भोकांसाठी धारदार पोकळ पंच वेगळे लागतात. याशिवाय सपाट लाकडी पाट, स्टीलची पट्टी, व्हर्नियर कॅलिपर आणि साधा कंपास एवढे जवळ ठेवावे.

कापण्याआधी शीट योग्य निवडली पाहिजे, कारण चुकीच्या शीटचे गॅस्केट कितीही नेटके कापले तरी टिकत नाही. थंड पाण्यासाठी साधे रबर चालते, मात्र पिण्याच्या पाण्याच्या पंपाला खाद्य दर्जाचे रबर मागून घ्यावे. तेल, डिझेल किंवा ग्रीस लागणार असेल तिथे नायट्राइल रबरच हवे; साधे रबर तेलात फुगते. गरम पाण्याला ईपीडीएम हे कृत्रिम रबर उत्तम, पण तेही तेलाला चालत नाही. पृष्ठभाग सरळ आणि स्वच्छ असतील तर पातळ शीट, साधारण दीड मिलीमीटरची, जाड शीटपेक्षा चांगली बसते. तीन मिलीमीटरची शीट खड्डे पडलेल्या जुन्या फ्लँजसाठी राखून ठेवावी. जाड म्हणजे मजबूत हा समज चुकीचा आहे, कारण जितकी जाडी अधिक तितकी दाबाने बाहेर ढकलली जाणारी कड अधिक. कोपऱ्यात पडलेली जुनी करडी शीट अॅस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ती कापू नये, घासूही नये.

मग माप. पंपाचा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करावा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब उतरवावा आणि त्यानंतरच बोल्ट सैल करावेत. जुन्या गॅस्केटवरून नवे आखू नये. ते दाबाने पसरलेले असते. माप फ्लँजवरूनच घ्यावे. चार आकडे लागतात: बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास, बोल्टच्या भोकाचा व्यास आणि भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे कारखान्याच्या भाषेत पीसीडी. हा शेवटचा आकडा थेट मोजता येत नाही. समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजून त्यात एका भोकाचा व्यास मिळवला, की तो अचूक निघतो.

उदाहरण म्हणून दोन इंची पाइपचा पीएन १६ जातीचा (हा दाबाचा दर्जा) फ्लँज घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास १६५ मिमी, पीसीडी १२५ मिमी आणि १८ मिमीची चार भोके असतात, त्यांत १६ मिमीचे बोल्ट बसतात. पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ६० मिमी असल्याने गॅस्केटचे आतले भोक ६१ मिमी ठेवतात. हे भोक नेहमी पाण्याच्या वाटेपेक्षा थोडे मोठेच असावे. पहिल्या खेपेस मी ते वाटेएवढेच कापले होते. बोल्ट आवळल्यावर रबर आत सरकले, त्याची कड प्रवाहात आली आणि काही दिवसांनी तिचे तुकडे पंपाच्या पंख्यात अडकलेले मिळाले.

शीट पाटावर सपाट पसरून तिच्या टाकाऊ कोपऱ्यांवर छोटे खिळे ठोकावेत. केंद्र ठरवून तिथे सुईने छिद्र पाडावे आणि कंपासाने ६२.५ मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढावे. चार भोकांची वाटणी डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. पीसीडीला ०.७०७ ने गुणले की शेजारच्या दोन केंद्रांमधले सरळ अंतर मिळते. इथे ते ८८.४ मिमी आहे. भोके सहा असतील तर ०.५ ने आणि आठ असतील तर ०.३८३ ने गुणावे. कंपासात हे अंतर घेऊन वर्तुळावर खुणा करत जावे. शेवटची खूण पहिलीवर नेमकी आली, तरच वाटणी बरोबर आहे.

भोके सर्वांत आधी पाडावीत, कारण अखंड शीट पंचाचा ठोका नीट सोसते, तर कापून झालेली कडी सरकते किंवा ताणली जाते. पंच बोल्टपेक्षा दोन-तीन मिलीमीटर मोठा घ्यावा, तो उभा धरावा आणि हातोड्याचा एकच खणखणीत ठोका मारावा. हलके दहा ठोके मारल्यास कड फाटते. खाली लाकूडच असावे, लोखंडावर पंचाची धार जाते.

आता कटर. दांड्यावरच्या खुणा काही कटरांवर त्रिज्येच्या, तर काहींवर व्यासाच्या असतात. म्हणून आधी पुठ्ठ्यावर एक गोल कापून मोजून पाहावा. आतले भोक आधी कापावे आणि बाहेरचा गोल नंतर. पुष्कळजण याच्या उलट करतात, आणि मग सुटी झालेली चकती हातात फिरत राहते. आतून सुरुवात केली, तर मधला तुकडा पिनखालीच राहतो, म्हणून केंद्र हरवत नाही, आणि बाहेरची शीट खिळ्यांनी धरलेली असते. त्यासाठी पिन शीटमधून खालच्या लाकडात पक्की रुतलेली हवी आणि दोन्ही गोल होईपर्यंत ती उचलायची नाही. पात्याची एक बाजू सपाट व दुसरी तिरपी असल्यास सपाट बाजू नेहमी गॅस्केटकडे ठेवावी: आतल्या भोकासाठी ती बाहेरच्या दिशेला, बाहेरच्या गोलासाठी केंद्राकडे. तिरपेपणा मग टाकाऊ भागात जातो.

एका हाताने पिनवर दाब ठेवून दुसऱ्या हाताने कटर सावकाश, एकाच दिशेने फिरवावा. पहिली फेरी फक्त रेघ उमटवण्यासाठी असते. नंतरच्या प्रत्येक फेरीत दाब थोडा वाढवत न्यावा. एकाच फेरीत पाते आरपार घातले, तर रबर ओढले जाऊन गोल अंडाकृती होतो. रबरासाठी पात्याला साबणाचे पाणी लावले की ते सहज सरकते, तंतूंची शीट मात्र कोरडीच कापावी.

बसवण्यापूर्वी फ्लँजवरचे जुने अवशेष पितळी पट्टीने खरवडून काढावेत. ग्राइंडर लावू नये. पाण्याच्या रबरी गॅस्केटला ग्रीस लावण्याची गरज नाही, त्याने ते दाबाखाली उलट निसटते. बोल्ट आधी हाताने बसवून मग समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन टप्प्यांत आवळावेत. एका बाजूने गोल फिरत आवळल्यास फ्लँज तिरका दबतो. पंप सुरू करून पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी पंप बंद असताना बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

गॅसची नळी, वाफेची लाइन किंवा तळोजा-तुर्भे भागातल्या रासायनिक कारखान्यांतले जोड यांना घरी कापलेले गॅस्केट लावू नये. तिथे ठरवून दिलेल्या प्रतीचेच गॅस्केट आणि प्रशिक्षित माणूस हवा. सोसायटीच्या पंपासाठी मात्र कापलेल्या गॅस्केटची चारही मापे, शीटचा प्रकार आणि तारीख एका पुठ्ठ्यावर लिहून पंपघरात टांगून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेस पंप न उघडताच नवे गॅस्केट कापून तयार ठेवता येईल.