खारघर-उलव्याला नव्यानं राहायला आलात? भिंतीतल्या फ्लश टाकीबद्दल आधी वाचा

मी २०११ साली बार्शीहून नवी मुंबईत, खारघरला आले. नंतर आमच्याकडची पाच-सहा कुटुंबं इथे आली आणि बहुतेकांचा पहिल्या वर्षातला फोन एकाच कारणासाठी आला: "ताई, कमोडमध्ये सारखं पाणी झिरपतंय, आणि टाकी कुठे आहे तेच दिसत नाही."

टाकी भिंतीत असते. दोन बटणांची जी प्लेट दिसते, तोच तिचा दरवाजा. आतलं वॉशर, फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग), सायफन (बटण दाबलं की पाणी कमोडमध्ये सोडणारी मधली उभी नळी) सगळं त्या चौकोनातून निघतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. २०१४ मध्ये आमच्याकडे आलेल्या प्लंबरने भिंतीवर थाप मारली, "अंदर से लिकेज है, तोडना पडेगा" म्हणाला आणि छिन्नी लावली. आठ टाईल्स फुटल्या. टाकी ठणठणीत निघाली. गेलं होतं ते एक रबरी वॉशर, दीडशे रुपयांचं. टाईल्स आणि मजुरीचे अकरा हजार झाले, आणि तशा टाईल्स बाजारात मिळाल्याच नाहीत. त्या भिंतीवर आजही वेगळ्या रंगाचं ठिगळ आहे. म्हणून हात जोडून सांगते: प्लेट काढून, आत बॅटरी मारून बघितल्याशिवाय कुणालाही भिंतीला छिन्नी लावू देऊ नका.

आधी गळती खरंच आहे का ते बघा. रात्री झोपताना कमोडच्या आत, मागच्या बाजूला टिश्यू पेपर चिकटवा आणि सकाळपर्यंत फ्लश करू नका. ओला झाला तर पाणी टाकीतून येतंय.

प्लेट बहुतेक वेळा वर सरकवून निघते, काहींना बाजूला बारीक स्क्रू असतो. जोर लावू नका. मागे प्लास्टिकचं झाकण आणि बटणांच्या दोन दांड्या असतात. प्रत्येक वस्तू काढताना मोबाईलवर फोटो काढा, परत बसवताना तोच कामाला येतो. पाणी चालू ठेवूनच आत बघा. मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून पाणी आत सांडत असेल, तर फ्लोट पाणी बंद करत नाहीये. पातळी तोंडाच्या खाली आहे, तरी टाकी मधूनच आपोआप भरायला लागते? मग सायफनच्या बुडाचं वॉशर गेलंय.

आता आतला छोटा कॉक बंद करा आणि फ्लश करून टाकी रिकामी करा. सायफन थोडा फिरवून किंवा खटका सोडवून वर येतो. आमचं वॉशर हातात आलं तेव्हा एका कडेला पापडासारखं कडक झालं होतं, बोट फिरवलं की क्षाराची पांढरी कणी खरखरीत लागायची. वॉशर बसतं ती जागा ओल्या फडक्याने पुसा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, चरा पडला की नवं वॉशरही गळतं. जुनं वॉशर पिशवीत घालून दुकानात न्या आणि टाकीच्याच कंपनीचं मागा. "हे पण चालेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

वाशी-नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं. इकडे खारघरला उन्हाळ्यात टँकर असतात, काही सोसायट्यांत बोअरचं पाणी फ्लशला जोडलेलं असतं. त्या जड पाण्याने वॉशर लवकर जातं. टाकीत क्लोरीनची गोळी तर मुळीच टाकू नका, रबर खाते.

खालच्या घराच्या छताला ओल आली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे टाकी आणि कमोड जोडणारी नळी किंवा कमोडचा आउटलेट तपासायचा. भिंतीवर टांगलेला कमोड दोन नटांवर असतो, आधी तो उतरवायला सांगा. जड असतो, एकट्याने करू नका.

आपल्या माणसांची एक सवय मला खटकते. गळायला लागलं की कॉक बंद करून बादलीवर वर्ष काढतात, आणि खालचे बोलायला आले की भांडतात. इथली माणसं तुसडी नाहीत. "बघते, चार दिवसांत करून घेते" एवढं नीट सांगितलं तरी थांबतात. भाड्याने असाल तर काही उघडण्याआधी घरमालकाला फोटो पाठवा.

सगळं बसवल्यावर कॉक उघडा, दहा मिनिटं थांबा, दोनदा फ्लश करून बघा. प्लेट त्यानंतर लावा.