पान गायब व्हायच्या आधीची तयारी

रविवारी पोहे-जिलबी उरकून सरकारी साइटींवरची पानं गायब व्हायच्या आधी जतन करायला राजवाड्यामागे मावशीकडे बसायचंय, सहाजण नक्की आहेत, म्हणून कोणी काय करून यायचं ते आत्ताच लिहून टाकतो, नाहीतर मागच्यासारखा अर्धा दिवस वायफायचा पासवर्ड विचारण्यात जाईल.

आधी साइटी ठरवा आणि हावरटपणा नको, माणशी दोन सरकारी खाती आणि त्यांची दहा-बारा पानं, बस. कुठली पानं? माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4(1)(ख) समोर ठेवा, त्यात 17 मुद्दे आहेत जे प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता जाहीर करायचे असतात, अधिकाऱ्यांची नावं-पगार, बजेट, सबसिडी कोणाला मिळाली, सवलती-परवाने कोणाला दिले वगैरे. एक्सेलमध्ये 17 ओळी करून आणा आणि समोर ‘आहे’, ‘नाही’, ‘जुनं आहे’ असे तीन कॉलम. तिसरा कॉलम सगळ्यात जास्त भरतो, सांगून ठेवतो.

जतन करायचं काम लॅपटॉपवरच करा. मोबाइलवर जरा स्क्रोल केलं की वरची लिंकची पट्टी पळते, आणि लिंक-तारीख-वेळ नसलेल्या स्क्रीनशॉटला कोणी विचारत नाही. पीडीएफ उतरवलं की लगेच त्याचा हॅश (फाइलीवरून निघणारा, ठशासारखा अक्षर-आकड्यांचा कोड) काढून एक्सेलमध्ये चिकटवा, फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, आणि उद्या प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात तो लिहावाच लागतो. वेबॅक मशीनवरही (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) सेव्ह करा, पण सेव्ह झालेलं पान उघडून बघा, कारण आपल्या बऱ्याच सरकारी साइटी भारताबाहेरून उघडत नाहीत आणि तिथे नुसता एररच जतन होतो. म्हणून आपली स्वतःची कॉपी हवीच, दोन पेन ड्राइव्हवर.

आता आपल्याकडची खास कटकट, कृतिदेव. इथले जुने हिंदी आदेश त्याच फाँटात आहेत, पीडीएफमध्ये ‘सूचना’ छान दिसतं पण कॉपी करून पेस्ट केलं की ‘एल डब्ल्यू पी यू के’ अशी इंग्रजी अक्षरं येतात, त्यामुळे शोधलं तर काहीच सापडत नाही आणि नवशिक्याला वाटतं शब्दच काढून टाकला! युनिकोडमध्ये, म्हणजे कॉपी करून शोधता येईल अशा देवनागरीत, बदलणारं कन्व्हर्टर आधीच लॅपटॉपवर टाकून या. स्कॅन केलेले वाकडे कागद मात्र डोळ्यांनीच वाचायचे, उपाय नाही.

पान दिसलं नाही की लगेच सेन्सॉरशिप म्हणून ओरडायचं नाही. मी ओरडलोय. एका कार्यालयाची टेंडरची यादी गायब दिसली, दोन दिवस ग्रुपवर बोंब मारली, आणि ती निघाली नव्या साइटवर ‘डाउनलोड’मधल्या ‘अन्य’मध्ये, आईनेसुद्धा हसून घेतलं. माझ्या अनुभवात साइट नवीन करताना जितकं हरवतं तितकं मुद्दाम लपवल्याने हरवत नाही. म्हणून आधी दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून उघडून बघा, नवे मेनू चाळा, आणि एरर कोणता तेही लिहा, 404 म्हणजे पान सापडत नाही, 403 म्हणजे सर्व्हर नाही म्हणतोय, दोन्ही एक नव्हेत. आणि मुद्दाम काढतातच नाहीत असंही नाही, अमेरिकेत एप्रिल 2017 मध्ये ईपीएने (तिथली पर्यावरण संस्था) हवामान बदलाची पानं ‘अपडेट करतोय’ म्हणून उतरवली, आधीच्या प्रती होत्या म्हणून काय गेलं ते दाखवता आलं.

खरंच गेलं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, ₹10 फी, 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. अर्जात ‘का काढलं’ विचारू नका, कारण विचारलं की उडवून लावतात. पान काढायच्या आदेशाची आणि नोटशीटची (फाइलीतल्या शेऱ्यांच्या पानाची) प्रत मागा. अर्जाचा मसुदा मी हिंदीत करून आणतो.

लाभार्थ्यांच्या याद्यांमधले मोबाइल, आधार नंबर ग्रुपवर टाकायचे नाहीत, कोणीही. आणि एक्सटेंशन बोर्ड आणा रे कोणीतरी, मावशीकडे हॉलमध्ये एकच सॉकेट आहे आणि त्याला फ्रिज लावलाय.