पीआरपीचं इंजेक्शन देताना आणि घेताना या चुका टाळा

मिरजेला उपचारासाठी कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात हे काही आजचं नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हा ओघ चालू आहे. अलीकडे हाडांच्या ओपीडीबाहेर चौकशी असते ती 'रक्ताच्या इंजेक्शन'ची, म्हणजे पीआरपीची (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा). तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेत कात्री चालवून कोपर धरलेला मजूर, तालमीत खांदा दुखावलेला पैलवान, जिना उतरताना कठड्याला घट्ट धरणाऱ्या मावशी, सगळ्यांना ते हवं असतं.

पेशंटचंच रक्त काढायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या, जखम भरायला मदत करणाऱ्या बारीक पेशींचा) दाट भाग वेगळा करायचा आणि दुखावलेल्या जागी सोडायचा. ऐकायला सोपं आहे. थिएटरमध्ये ही तयारी मी रोज बघतो. सगळ्यांचं लक्ष मशीनकडे असतं, सुई मात्र ट्रेमध्ये जी हाताला लागेल ती उचलली जाते. एवढी मेहनत घेऊन वेगळा केलेला भाग शेवटच्या दोन इंचांत खराब होऊ शकतो. म्हणून हे लिहितोय, नव्यानं या कामाला लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी आणि पेशंटच्या घरच्यांसाठीही.

चूक सुरू होते रक्त काढतानाच. शीर सापडत नाही म्हणून बारीक सुई घालून दट्ट्या जोरात ओढला की तांबड्या पेशी फुटतात आणि प्लेटलेट वेळेआधीच चेतवल्या जातात, म्हणजे दुखऱ्या जागी पोचण्याआधीच कामाला लागतात. वर येणारा प्लाझ्मा पिवळा दिसायच्या ऐवजी लालसर दिसला तर समजावं की रक्त काढतानाच गडबड झाली आहे. २१ गेज किंवा त्याहून जाड सुई घ्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक), सावकाश ओढा. ट्यूब सायट्रेट किंवा एसीडी या रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाचीच हवी. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब रक्तपेशी मोजण्यासाठी असते. तिच्यात प्लेटलेटचा आकार बदलतो. रक्त भरल्यावर ट्यूब खळाखळा हलवू नका, आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करा.

मशीनबद्दल थोडक्यात. 'तीन हजारवर दहा मिनिटं' असं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेलं असतं, पण नुसत्या आरपीएमला अर्थ नाही. ३००० आरपीएमवर रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर साधारण १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) इतका जोर पडतो, १५ सेंटिमीटर असेल तर १५०० जी. मशीन बदललं की आकडा पुन्हा काढा. समोरासमोरच्या ट्यूब वजनानं सारख्या करा, डोळ्यांनी पातळी बघून नव्हे. फिरणं संपताना करकचून ब्रेक लावला की पिवळा प्लाझ्मा आणि तांबड्या थरावरची पांढरट पातळ साय, दोन्ही परत एकमेकांत मिसळतात. मधेच लाइट गेली तर रोटर आपोआप थांबू द्या, झाकण उघडून ट्यूब हातात घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. अंदाजानं उरलेली मिनिटं पुरी करणं हा उपाय नाही. आणि उन्हाळा आहे म्हणून तयार पीआरपी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीनं प्लेटलेट चेतवल्या जातात, म्हणून ब्लड बँकेतही त्या २० ते २४ अंशांवर ठेवतात.

आता सुई. पेशंटला दुखू नये म्हणून बारीक सुई घ्यावी असं वाटणं साहजिक आहे. पण २२ गेजच्या सुईचा आतला व्यास साधारण ०.४१ मिलिमीटर असतो आणि २५ गेजचा ०.२६. फरक केसाएवढा वाटतो, तरी द्रव जायला होणारा विरोध जवळपास सहापट वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या हिशेबानं चढतो. त्याच वेगानं ढकललं तर सुईच्या भिंतीशी पेशींवर बसणारा ओढ-ताण चौपट होतो. प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची, त्यामानानं काटक. तिचा प्रश्न फुटण्याचा कमी आणि आधीच चेतण्याचा जास्त. काही वेळा पीआरपीऐवजी अस्थिमज्जेतून (हाडाच्या आतल्या मगजातून) काढलेल्या पेशी टोचतात, त्या मोठ्या आणि नाजूक असतात. त्यांना सर्वांत जास्त फटका बसतो तो सिरिंजच्या रुंद नळीतून सुईच्या अरुंद तोंडात शिरताना, कारण तिथं पेशी लांबट ताणली जाते. जाड सुई घेता येत नसेल तर वेग कमी करणं आपल्या हातात असतं.

सिरिंजच्या आकाराची चूक तर कुणाच्या लक्षातच येत नाही. अंगठ्याचा जोर तोच ठेवला, तरी १ मिलिलिटरच्या सिरिंजमधला दाब १० मिलिलिटरच्या सिरिंजपेक्षा नऊपटीच्या आसपास जातो. छोटी सिरिंज हातात हलकी लागते म्हणून ती हळुवार असते असं नाही.

टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, हा घट्ट विणीचा असतो. सिरिंजवर नुसती दाबून बसवलेली सुई तिथं दाब वाढला की फट्कन निसटते, आणि पेशंटच्या रक्तातून निघालेलं ते दोन-तीन मिलिलिटर हिरव्या कापडावर जातं. फिरवून बसणाऱ्या लुअर लॉकचीच सिरिंज उघडा. दट्ट्या जड लागला तर ढकलू नये. टोक बहुधा घट्ट तंतूंत रुतलेलं असतं. डॉक्टर सुई किंचित मागे घेतात, सोनोग्राफीत टोक बघतात, मग पुढे जातात. औषध सोडून झाल्यावर सुई लगेच उपसली तर आलेल्या वाटेनंच द्रव बाहेर येतो, म्हणून काही सेकंद थांबून सावकाश काढायची. हृदयाच्या स्नायूत पेशी सोडण्यासाठी बनवलेल्या एका कॅथेटरचं टोक मळसूत्रासारखं असतं, त्यामागे हाच विचार आहे: स्नायूत फिरून बसावं, द्रव मागे गळू नये.

पेशी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून 'डॉक्टर येताहेत' म्हणत बसू नका. पेशी तळाशी बसतात, प्लॅस्टिकला चिकटतात, गुठळ्या होतात. डॉक्टर हात धुऊन उभे राहिले की मगच भरा. भुलीचं औषध त्याच सिरिंजमध्ये मिसळणं हीसुद्धा सर्रास होणारी चूक आहे. लिग्नोकेन, बुपिवाकेन या भुलीच्या औषधांचा कूर्चेच्या (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराच्या) आणि टेंडनच्या पेशींवर घातक परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. भूल द्यायची तर कातडीत, वेगळ्या सिरिंजनं.

सोनोग्राफीशिवाय, अंदाजानं टोचणं अजून चालतं. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यामुळे मशीनची नोंदणी लागते, ते वाटेल तिथं नेता येत नाही, म्हणून बरेच जण त्या भानगडीत पडत नाहीत. गुडघ्यात एक वेळ चालून जाईल. खांद्याच्या टेंडनमध्ये मात्र टोक कुठं आहे हे दिसलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पेशंटनं हे आधी विचारायला लाजू नये.

घरच्यांकडून होणारी मोठी चूक म्हणजे गोळ्या. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या प्लेटलेटच्या कामात आडव्या येतात, म्हणून इंजेक्शनच्या आधी आठवडाभर आणि नंतर काही आठवडे त्या टाळायला सांगतात. पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढतं, आणि नेमकं तेव्हाच पोरगा मेडिकलमधून 'अंगदुखीची' गोळी आणून देतो. पॅरासिटॅमॉल चालते, तीही विचारून. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनानं मुळीच बंद करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

वेळही चुकते. कोपराला इंजेक्शन घेऊन पंधरवड्यात ऑक्टोबरच्या फळछाटणीला उभं राहिलं तर त्या टेंडनला भरून यायला सवड कुठली? खरड छाटणी एप्रिलमध्ये असते. दोन्ही हंगाम बघून, आपल्या डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवा. पैलवानांना तर वस्तादांनीच दम द्यावा लागतो.

अपेक्षेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. २०२१ मध्ये 'जामा' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली २८८ रुग्णांवरची चाचणी छापून आली. गुडघ्याच्या सौम्य ते मध्यम झिजेत वर्षभरानंतर पीआरपी आणि नुसतं सलाइन यांच्यात दुखण्याचा किंवा कूर्चेचा लक्षणीय फरक दिसला नाही. 'कूर्चा नव्यानं उगवते' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर पैसे भरण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

'स्टेम सेल'च्या (इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) नावानं पॅकेज सांगितलं तर जास्तच सावध राहा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बहुतेक वापर क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा. औषध नियंत्रकांनी मंजूर केलेली उत्पादनं मोजकी आहेत. ट्रायल असेल तर सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. तो क्रमांक इंटरनेटवर कुणालाही तपासता येतो. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा.

इंजेक्शननंतर सांधा गरम लागला, लाल होऊन सुजला, ताप आला किंवा दुखणं कमी व्हायचं सोडून दिवसेंदिवस चढत गेलं, तर शेक देत घरी थांबू नका. तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. रात्र असली तरी निघा.