गाडी उशिरा स्टार्ट होतेय? आधी आवाज ऐका

सकाळी गाडी चटकन स्टार्ट होत नसेल तर लगेच बॅटरी बदलायला धावू नका, आधी नीट ऐका की स्टार्टर (इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर) हळू फिरतोय की फिरतोय जोरात पण इंजिन पकडत नाहीये, कारण हे दोन वेगळे आजार आहेत आणि गॅरेजवाल्यालाही हेच आधी सांगायचं.

हळू, दमल्यासारखा फिरत असेल तर व्होल्टेज मोजायचा साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धीच चार्ज आहे. मग कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि रीडिंग बघा, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्या. पण बॅटरी ठणठणीत असूनही स्टार्टर रडत असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीला जाणारी जोडणी, बघाच, हे फार जण विसरतात! मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारताना अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर केबल नाहीतर टर्मिनल (केबलचं बॅटरीवर बसणारं टोक) गंजलंय, पावसाळ्यानंतर तर हे हमखास. टर्मिनल घासून घट्ट करा, निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची.

स्टार्टर जोरात फिरतोय पण वेळ लागतोय, अशी पेट्रोल गाडी असेल तर चावी फक्त ऑनवर दोन-तीन सेकंद ठेवून बंद करा, म्हणजे पंप प्रेशर भरेल, असं दोन-तीनदा करून मग स्टार्ट करा. लगेच पकडली तर समजा रात्रीत फ्युएलचं प्रेशर उतरतंय, पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा) तपासून घ्या. डिझेल असेल आणि त्रास फक्त थंडीतच होत असेल तर आधी ग्लो प्लग बघा, म्हणजे थंड इंजिन गरम करणारे हीटर.