मंदीच्या दिवसांत सोसायटीची वही कशी सांभाळावी

बदलापूर पूर्वेला आमची बेचाळीस घरांची सोसायटी आहे. सात मजले, दोन लिफ्ट, महिन्याचा मेंटेनन्स अठराशे रुपये. २०१८ पासून सहा वर्षं मी तिची खजिनदार होते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाली. १५ जूनला ती सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी, आणि सर्वांना वेळेची बंधनं घालून का होईना, गाडीत पाय ठेवायला मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ ला. आमच्याकडे लोकल बंद म्हणजे पगार बंद. फोर्टातलं हॉटेल, परळचं छापखान्याचं काम, झवेरी बाजारातली कारागिरी, सगळं दीड-पावणेदोन तासांच्या गाडीवर टांगलेलं. त्या वर्षात जे शिकले ते इथे लिहिते आहे. नोकऱ्या जातात, घरांचे भाव उतरतात आणि सोसायटीची वसुली आटते, असे दिवस पुन्हा येतील तेव्हा कुणातरी खजिनदाराच्या कामी यावं म्हणून.

सगळ्यात आधी खर्चाचा कागद करा, आणि तो प्रत्येक सभासदाला दाखवा. आमचा असा होता: दोन वॉचमन २६,०००, लिफ्ट-पंप-जिन्याची वीज १४,०००, पाणीपट्टी आणि टँकर ११,०००, झाडलोट ७,०००, लिफ्टची देखभाल ३,५००, किरकोळ २,०००. म्हणजे इमारत नुसती चालती ठेवायला महिन्याला ६३,५००. पूर्ण वसुली झाली तर ७५,६०० जमा व्हायचे आणि उरलेले बारा हजार सिंकिंग फंड नि रिपेअर फंडात जायचे. जून २०२० मध्ये सतरा घरांनी मेंटेनन्स भरला नाही. जमा ४५,०००. तूट १८,५००. हा आकडा समोर आला की कमिटीतली भांडणं निम्म्याने कमी होतात, कारण "पैसे नाहीत" याला आता हद्द मिळालेली असते.

अशा वेळी सगळ्यांची नजर सिंकिंग फंडाच्या एफडीवर जाते. आमच्याही कमिटीत विषय निघाला. हात लावू नका. तो पैसा इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी आहे, विजेच्या बिलासाठी नाही. आमच्या फंडात त्या महिन्यांत भर पडली नाही, पण तो मोडलाही नाही. याचं समाधान मला आजही आहे.

दुसरी सूचना येते ती रात्रीचा वॉचमन कमी करायची. ह्याला मी कडाडून विरोध केला. तो माणूस आपल्याच गावात भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्याही घरात चूल आहे, आणि बेचाळीस घरांच्या अडचणीचा भार सगळ्यांत कमी पगाराच्या माणसावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. त्याऐवजी रात्री अकरा ते पहाटे पाच एक लिफ्ट बंद ठेवली, जिन्यातले सगळे दिवे बदलून एलईडी लावले, पंपाची वेळ पाण्याच्या वेळेला जुळवली. वीजबिल साडेदहा हजारांवर आलं. लिफ्ट कंपनीला वर्षाचे पैसे एकदम न देता तिमाहीने देतो म्हटलं, त्यांनी मान्य केलं. त्यांनाही ग्राहक टिकवायचाच होता.

तरी पंधरा हजारांची तूट उरलीच. ती भरून काढली आठ घरांनी. ज्यांचे पगार चालू होते, बँकेत, सरकारी नोकरीत, दोघं औषध कंपनीत, त्यांना मी घरी जाऊन विचारलं, सहा महिन्यांचा मेंटेनन्स एकदम भराल का? कुणाला सूट दिली नाही, मागितलीही नाही कुणी. चालू महिना सोडून जास्तीचे ७२,००० रुपये हातात आले. त्यात पुढचे काही महिने निघाले. मात्र लक्षात ठेवा, हा पुढच्या महिन्यांचा पैसा आहे. वहीत "आगाऊ जमा" म्हणून वेगळा लिहा, नाहीतर नोव्हेंबरमध्ये आपणच आपली फसगत करून घेतो.

आता थकबाकीदार. हा शब्द मी घराच्या दारात कधी वापरला नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, तेव्हा थकलेल्या रकमेवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येत होतं. अठराशे रुपये सलग सहा महिने थकले तर २१ टक्क्यांनीसुद्धा व्याज होतं पाचशेच्या आत. सोसायटीला त्या पाचशेंनी फारसा फरक पडत नाही, पण ज्याची नोकरी गेली आहे त्याच्या बिलावर तो आकडा दर महिन्याला वाढताना दिसला की माणूस बिल उघडायचंच बंद करतो. म्हणून आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून ठराविक काळापुरतं व्याज थांबवलं. सभेतच करा, आणि सगळ्यांना एकच नियम लावा. कमिटीने एकट्यादुकट्याला सूट दिली की दोन महिन्यांत ती बातमी सातव्या मजल्यावर पोचते आणि मग भरणारेही भरेनासे होतात.

पाणी तोडणं, नाव बोर्डावर लावणं, ग्रुपवर यादी टाकणं, यातलं काहीही करू नका. पाणी तोडायचा अधिकार सोसायटीला नाहीच. कायद्याने वसुलीचा रस्ता दिलेला आहे: सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवता येतो. पूर्वी हे सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली व्हायचं, २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्या कायद्यात वेगळं प्रकरण आल्यापासून कलम १५४ब-२९ खाली होतं. तो रस्ता ठेवा त्याच्यासाठी, जो ऐपत असून भरत नाही. असे आमच्याकडे सतरांपैकी दोन होते. दोघांनाही नोटीस गेली, दोघांनीही भरलं. उरलेल्या पंधरा घरांत प्रश्न वेगळा होता, आणि तो ओळखायला दार वाजवावं लागतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाऊंचं सांगते. फोर्टातल्या हॉटेलात वीस वर्षं काम, जुलैत घरी बसवलं. नोव्हेंबरपर्यंत चार महिने मेंटेनन्स नाही. लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून ते जिन्याने यायचे, तेही रात्री साडेदहानंतर. मी एका रविवारी सकाळी गेले. दार अर्धंच उघडलं. मी पैशाचं काढलंच नाही, "मुलीची दहावी ना यंदा?" एवढंच विचारलं. वहिनींनी आत बोलावलं. चहा झाला, आणि मग त्यांनीच उठून कपाटातून, मुलीच्या वह्यांच्या खालून, बँकेची तीन पाकिटं काढली. एकही फोडलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, उघडलं की घर गेलं.

फोडली. हप्ता थकल्याची साधी पत्रं होती. सप्टेंबर आणि ऑक्टोबर, दोन हप्ते. अजून वेळ होता. नव्वद दिवस उलटले की खातं बुडीत कर्जांत जमा होतं, मग सरफेसी कायद्याखाली (बँकेला गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. पूर्ण रक्कम भरून घर सोडवायची संधीही लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असते. म्हणून दारात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: बँकेचं पत्र आलंय का, आणि किती हप्ते थकलेत? सोसायटीचे अठराशे नंतर. घर राहिलं तर अठराशे येतीलच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. जाताना नोकरी गेल्याचं पत्र, सहा महिन्यांचं पासबुक, वहिनींच्या पोळी-भाजीच्या डब्यांचा हिशेब, आणि महिन्याला किती झेपेल तो आकडा एका कागदावर नेला. हा शेवटचा कागद फार महत्त्वाचा. "काहीतरी करा साहेब" याला बँकेकडे उत्तर नसतं, "अठरा हजार भरू शकतो" याला असतं. रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्ट २०२० ला कर्जाची फेररचना करायला वाट मोकळी केली होती. तिची मुदत ३१ डिसेंबरपर्यंतच होती आणि कर्जाची मुदत दोन वर्षांपर्यंतच वाढवता येत होती. त्यांचं अठरा लाख कर्ज बाकी, दर साडेआठ टक्के, बारा वर्षं शिल्लक, हप्ता जवळपास १९,९८०. बाराची चौदा वर्षं झाली आणि हप्ता आला १८,३६० वर. महिन्याला सोळाशे सुटले, जवळजवळ सोसायटीचा मेंटेनन्स. पण शेवटपर्यंत धरलं तर या दोन वर्षांपायी दोन लाखांच्या वर जास्त जाणार आहेत, हेही मी त्यांना बँकेच्या पायरीवरच सांगितलं. असं सांगायचं टाळू नका. मार्च ते ऑगस्टच्या हप्ते-स्थगितीत पुष्कळांचा गैरसमज झाला होता की व्याजही थांबलंय. अठरा लाखांवर महिन्याला १२,७५० रुपये व्याज चढतच होतं.

सोसायटीच्या थकबाकीचं आम्ही असं ठरवलं: चालू महिना पूर्ण, जुन्यापैकी दर महिन्याला सहाशे. रजिस्टरमध्ये एका पानावर एक घर, वर तारीख, खाली त्यांची सही आणि माझी. कुणी दोनशे आणून दिले तरी पावती फाडा. पावती हातात पडली की माणूस मान वर करून लिफ्टमध्ये उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

घर विकायला निघालेल्यांना एकच विनंती करा, पंधरा दिवस थांबा. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला एजंटाने वन-बीएचकेचे एकोणीस लाख सांगितले, "रोख देतो, आठवड्यात करा" म्हणून. त्याच घराचं रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, मूल्य तेवीस लाख होतं. व्यवहार एकोणीसला झाला तरी मुद्रांक शुल्क तेवीसवर लागतं. शिवाय फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की आयकरासाठी तो विकणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही करपात्र रकमेत धरला जातो. हे कळल्यावर त्यांनी एजंटाला नाही म्हटलं. सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चपर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईकं हळूहळू फिरकायला लागली होती. ज्याला विकायचंच आहे त्याने अशा सवलतीच्या काळात, रेकनरच्या आसपास विकावं. घाबरून विकू नये.

त्यांनी मग विकलंच नाही. संगमेश्वरजवळ त्यांचं गावचं घर होतं. वर्षभर तिकडे गेले आणि इथली जागा एका नर्सबाईंना साडेसहा हजारांनी भाड्याने दिली. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी करूनच करायला लावा, महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीला यात बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण सेवाशुल्काच्या, म्हणजे मेंटेनन्समधल्या वॉचमन-झाडलोटीसारख्या सेवांच्या भागाच्या, दहा टक्क्यांपर्यंतच. सेवाशुल्क नऊशे असेल तर नव्वद रुपये. जास्त मागणाऱ्या कमिट्या आहेत, मंदीत तर जास्तच. तसंच घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते तो हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीतसुद्धा २५,००० च्या वर घेता येत नाही, नगरपरिषदेत त्याहून कमी. घर विकून निघालेल्या माणसाकडून "डोनेशन" उकळणं हे पाप आहे, मी एवढंच म्हणेन. आणि भाडेकरू एकटी बाई आहे, नाइट ड्यूटीवरून येते, म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मीच गप्प केलं. त्या नर्सबाईंनी एप्रिल २०२१ मध्ये आमच्या दोन आजींना ऑक्सिजनचं मशीन लावायला शिकवलं.

बाकी गोष्टी थोडक्यात. गणपतीची वर्गणी पाचशेवरून ऐच्छिक केली आणि पाकिटं बंद पेटीत टाकायला सांगितली, कुणी किती दिले ते मलाही कळलं नाही. मुलांनी वर्तमानपत्राचं मखर केलं. उरलेल्या पैशात तांदूळ-डाळ घेतली आणि वॉचमनसकट सहा घरांत रात्री पोचवली, रात्री अशासाठी की दिवसा घेताना जड जातं. भाजी घाऊक मागवली. ज्या घरांत पोळ्या, डबे, शिवणकाम सुरू झालं त्यांची नावं नोटीस बोर्डावर लावली. ह्या नावांसाठी बोर्ड जरूर वापरा.

खजिनदारकी सोडताना नव्या माणसाला चार गोष्टी हातात द्या: खर्चाचा तो कागद, आगाऊ जमेची यादी, सहाशेच्या हप्त्यांचं रजिस्टर, आणि कुठल्या घरात कुणाची नोकरी डळमळीत आहे ते तोंडी, दार लावून. मी रजिस्टर दिलं तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या पानावर शेवटचा हप्ता भरून झालेला होता. मुलगी आता अंबरनाथला कामाला लागली आहे. हल्ली मेंटेनन्स तीच घेऊन खाली येते, एक तारखेला.